विकास बँकांचा पैसा नागपुरात येतो कसा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मेट्रोसाठी जर्मनी आणि फ्रान्सचं कर्ज घेतलं. ते फेडणार कोण? (धरमपेठ)

उत्तर : पहिल्या टप्प्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेनं (म्हणजे विकासकामांना लांब मुदतीचं कर्ज देणाऱ्या बँकेनं) ५० कोटी युरो दिले, फ्रान्सच्या एएफडीनं १३ कोटी. हे कर्ज केंद्र सरकारमार्फत मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोकडे आलं. तिकिटं आणि जागांची भाडी यांतून ते फेडायचं आहे. तेवढ्यात भागलं नाही, तर भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे करदात्यांवर येतो. शिवाय कर्ज युरोत आहे. रुपया घसरला की हप्ता वाढतो.

तरीही हे कर्ज घेणं मला योग्य वाटतं. मेट्रोसारख्या कामाला लागणारी लांब मुदत साधी बँक सहसा देत नाही. हवामानबदल रोखायला मदत करणाऱ्या कामांना पैसा पुरवणं ही या बँकांची जबाबदारीच आहे. स्टेशनांच्या छपरांवरचे सौर पॅनल त्याच धोरणात बसतात. पण स्टेशनपासून वस्तीपर्यंत बस नसेल, तर फायदा रुळालगतच्या वस्त्यांनाच मिळतो. कर्ज मात्र सगळ्यांच्या नावावर असतं. पुढच्या टप्प्यात ही जोडसेवा आधी मागा.

प्रश्न : आयडीबीआयसुद्धा विकास बँकच होती ना? मग नॅबफिड ही नवी विकास बँक कशाला? (महाल)

उत्तर : होती. आयएफसीआय १९४८ची, आयसीआयसीआय १९५५ची, आयडीबीआय १९६४ची. आर्थिक सुधारणांनंतर त्यांना मिळणारा स्वस्त, लांब मुदतीचा पैसा आटला. आयसीआयसीआय २००२ मध्ये आपल्याच बँकेत विलीन झाली आणि २००४ मध्ये आयडीबीआयही व्यापारी बँक झाली. मग रस्ते आणि वीजप्रकल्पांना व्यापारी बँका कर्ज देऊ लागल्या, तेही दोन-तीन वर्षांच्या ठेवींमधून. त्यातली बरीच कर्जं बुडीत गेली. ती पोकळी भरायला २०२१ मध्ये केंद्रानं २० हजार कोटींचं भांडवल देऊन नॅबफिड उभी केली.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये माझं फॅब्रिकेशन युनिट आहे. नव्या मशीनसाठी १८ लाख हवेत. बँक घराचे कागद मागते. सिडबी या लघुउद्योगांच्या विकास बँकेकडे जाऊ का?

उत्तर : जा, पण आधी बँकेतच एक गोष्ट विचारा : "सीजीटीएमएसईखाली का नाही?" लघुउद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून केंद्र सरकार आणि सिडबीनं २००० साली हा हमी ट्रस्ट काढला. एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा १० कोटी आहे, तुमचे १८ लाख त्यात आरामात बसतात. एप्रिल २०२६ पासून मंजूर होणाऱ्या २० लाखांपर्यंतच्या लघुउद्योग कर्जाला तर बँकेनं तारण मागायचंच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे (आधी ही मर्यादा १० लाख होती).

दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्या. हमी बँकेला मिळते, तुम्हाला माफी मिळत नाही. हप्ते थकले तर वसुली तुमच्याकडूनच होणार. आणि हमीची वार्षिक फी असते. ती बहुधा तुमच्याच खात्यातून जाते, म्हणून व्याजात मिळवून हिशेब करा.

उद्यम नोंदणी, जीएसटी रिटर्न, मशीनचं कोटेशन आणि हातातल्या ऑर्डरी एकाच फाईलमध्ये लावा. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. तोंडी "नाही होत" ऐकून परत फिरू नका. कारण लेखी द्यायची वेळ आली की अनेकदा फाईल पुन्हा उघडते. मशीन जुन्यापेक्षा कमी वीज खात असेल, तर वर्षाला किती युनिट वाचतील तेही लिहा. वीजबचतीच्या यंत्रांना कर्ज देणं हे सिडबीच्या कामात बसतं आणि ती थेट कर्जही देते.

प्रश्न : आमच्या बचत गटाला नाबार्डकडून थेट कर्ज मिळेल का? (कुही)

उत्तर : नाही. नाबार्ड ही शेती आणि ग्रामीण भागासाठीची विकास बँक. ती बँकांना पुनर्वित्त देते, म्हणजे बँकांनी दिलेल्या कर्जासाठी बँकांनाच पैसा पुरवते; गटाला कर्ज तुमची शाखाच देणार. १९९२ मध्ये ५०० गटांपासून सुरू झालेली बचत गट आणि बँकांची ही जोडणी आजही अशीच चालते. शाखेत मॅनेजर आधी तुमची वही बघेल : बैठका नियमित आहेत का, बचत जमा होते का, गटातल्या गटात दिलेलं कर्ज परत येतं का. इतिवृत्तावर सगळ्याजणींच्या सह्या हव्यात. वही चोख असूनही शाखा टाळत असेल, तर जिल्ह्याच्या लीड बँक मॅनेजरकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.