समभुज हा समद्विभुज असतो का? आणि त्रिकोणाचे बाकी घोळ

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न त्रिकोणावरच आहेत, युनिट टेस्टचा सीझन दिसतोय. एक प्रश्न मात्र पत्र्याच्या शेडचा आहे, तो मी शेवटी मुद्दाम सावकाश घेतलाय.

सर, मुलाने पेपरात लिहिलं की समभुज त्रिकोण हा समद्विभुजही असतो. चूक म्हणून मार्क कापला. कोण बरोबर? – एक आई, वर्तकनगर, ठाणे

ताई, मुलगा बरोबर आहे. आज गणितात समद्विभुज म्हणजे किमान दोन बाजू समान, मग तिसरी पण समान निघाली तर बिघडलं काय? प्रत्येक नौपाडेकर ठाणेकर असतोच, उलटं मात्र नाही, तसंच हे. पण बाईंनी हे हवेतून आणलेलं नाही हं, इसवी सनपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने ‘एलेमेंट्स’मध्ये व्याख्या करताना ‘फक्त दोनच बाजू समान’ असंच म्हटलं होतं, आयताच्या व्याख्येतून पण त्याने चौरसाला बाहेर ठेवलं. नंतर लोकांनी ते सोडलं कारण गैरसोय होते. समान बाजूंसमोरचे कोन समान, हे समद्विभुजासाठी एकदा सिद्ध केलं की समभुजाला दोनदा लावायचं, तिन्ही कोन समान, म्हणजे प्रत्येकी ६०°, संपलं. समभुजाला वेगळं काढलं तर त्याच्यासाठी तेच सगळं परत लिहीत बसा. एका मार्कासाठी शाळेत भांडू नका, पण मुलाला घरी सांगा की तुझं बरोबर होतं.

नववीत आहे. समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयात रचना करावीच लागते का? मी एडी हा बीसीचा लंबदुभाजक काढला तर सर म्हणाले चालणार नाही. – ऐरोली

सरांचं बरोबर आहे. एबी = एसी दिलंय, कोन बी = कोन सी दाखवायचंय. बीसीचा लंबदुभाजक काढता येतो, पण तो ए मधूनच जातो हे तू गृहीत धरलंस, आणि ते तर अजून सिद्धच व्हायचंय! कोन ए चा दुभाजक काढ, तो ए मधून जातोच, मग बाकोबा (बाजू-कोन-बाजू ही एकरूपतेची कसोटी) लावून दोन ओळीत काम होतं. मध्यगा काढलीस तर बाबाबा (बाजू-बाजू-बाजू). शिरोलंब काढून कर्णभुजा कसोटी लावणारे पण असतात, तिथे जरा जपून, कारण त्या कसोटीची नेहमीची सिद्धता याच प्रमेयावर उभी असते, म्हणजे गोल गोल फिरणं झालं.

आता मजा. रचना न करता पण होतं. ही युक्ती पॅपसच्या नावावर आहे, अलेक्झांड्रियाचा गणिती, चौथ्या शतकातला. त्रिकोण एबीसीची तुलना दुसऱ्या कुठल्या त्रिकोणाशी नाही तर त्याच त्रिकोणाशी करायची, फक्त उलटा वाचून: एसीबी. एबी = एसी, कोन ए दोघांत तोच, एसी = एबी. बाकोबा. म्हणून कोन बी = कोन सी. मला स्वतःला ही सिद्धता सगळ्यात देखणी वाटते, पण बोर्डाच्या पेपरात पुस्तकातलीच लिही, पेपर तपासणारा घाईत असतो.

एकच त्रिकोण काटकोन आणि समद्विभुज दोन्ही असू शकतो का? – नेरूळ

कंपासपेटी उघड, त्यातला ४५-४५-९० चा गुण्या म्हणजे तोच. ३०-६०-९० वाला दुसरा गुण्या विषमभुज. बाजूंवरून पडणारी नावं वेगळी, कोनांवरून पडणारी वेगळी, आणि प्रत्येक त्रिकोणाला दोन्हीकडून एकेक नाव मिळतं. फक्त समभुज हा काटकोन किंवा विशालकोन कधीच होत नाही, बाकी सगळ्या जोड्या जमतात. नुसत्या बाजू दिल्या असतील तर मोठीचा वर्ग बाकी दोघींच्या वर्गांच्या बेरजेशी ताडून बघ: ५, ५, ६ मध्ये ३६ हे ५० पेक्षा कमी, म्हणून लघुकोन, ५, ५, ८ मध्ये ६४ जास्त, म्हणून विशालकोन.

समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ४०°. उत्तर ७०-७० की ४०-१००? – कोपरी

दोन्ही. तो कोन पायाजवळचा की शिरोबिंदूचा हे सांगितल्याशिवाय दोन्ही लिहायची. पण दोन बाजू ४ आणि ९ दिल्या तर तिसरी ९ च, कारण ४ + ४ नवापर्यंत पोचतच नाही.

तुर्भे, सानपाडा, जुईनगर हा रेल्वेचा त्रिकोण कुठल्या प्रकारचा? – रोजचा प्रवासी, वाशी

रुळांना वळणं आहेत, त्यामुळे रुळांचा त्रिकोण होतच नाही! तीन स्टेशनं बिंदू धरून नकाशावर सरळ रेघा मारा आणि पट्टीने मोजा. कुठलेही तीन बिंदू उचलले की बहुतेक विषमभुजच निघतो.

घणसोलीत गाळ्यावर पत्र्याची शेड करतोय. रुंदी १६ फूट, दोन्ही उतार १०-१० फूट. मधला पाईप किती उंच, आणि तो बरोबर मध्येच येईल का?

दादा, दोन्ही उतार सारखे असतील तर मध्येच येणार, कारण समद्विभुज त्रिकोणात शिरोबिंदूतून पायावर टाकलेला लंब पायाचे दोन समान भाग करतोच. अर्धी रुंदी ८, उतार १०, १०० वजा ६४ म्हणजे ३६, उंची ६ फूट. हा तुमच्या गवंड्याचा ३-४-५ चा गुण्याच आहे, दुप्पट केलेला. वळचणीला पत्रा बाहेर काढाल तो या १० फुटात धरू नका, आणि कैची (छताचा तिकोनी सांगाडा) वेल्ड करण्याआधी टोकावरून ओळंबा सोडून बघा, तो दोन्हीकडून ८ फुटांवर पडला पाहिजे. पडला नाही तर एक उतार लांब झालाय किंवा खालचा पाईप लेव्हलमध्ये नाही.

फॅब्रिकेटर म्हणाला की रुंदी १२ करू, तर त्याच उतारांवर उंची ८ होईल. समोरचा तिकोनी भाग बंद करायला पत्रा मात्र दोन्ही वेळी ४८ चौरस फूटच लागतो, अर्धा गुणिले १६ गुणिले ६ करा नाहीतर अर्धा गुणिले १२ गुणिले ८, त्यामुळे रुंदी कमी केली म्हणून तिथला पत्रा वाचेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.