चरित्रकाराची खोकी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. पुलंच्या ‘एका कोळियाने’वरून मूळ इंग्रजी कादंबरीकडे, ‘द ओल्ड मॅन अँड द सी’कडे वळले आणि तिथून तिचा अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे याच्या चरित्राकडे. कार्लोस बेकर या त्याच्या चरित्रकाराने जमवलेले कागद अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, असं वाचलं. पण बेकरचं पुस्तक तर छापलेलंच आहे, आणि हेमिंग्वेचे स्वतःचे कागद बॉस्टनला आहेत म्हणे. मग या मधल्या माणसाच्या कागदांत पाहण्यासारखं काय असतं? साताऱ्यात बसून ते मिळतील का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बाई, पुस्तकात येतं ते चरित्रकाराला पटलेलं. न पटलेलं, अर्धवट कळलेलं, कुणी ‘एवढं छापू नका हं’ म्हणून सांगितलेलं, हे सगळं खोक्यात राहतं.

बेकर प्रिन्स्टनलाच इंग्रजीचे प्राध्यापक होते. हेमिंग्वेशी त्यांचा पत्रव्यवहार होता, पण प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. जुलै १९६१ मध्ये हेमिंग्वेने अमेरिकेतल्या केचम गावच्या घरी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यानंतर पत्नी मेरीच्या संमतीने बेकर चरित्राच्या कामाला लागले आणि १९६९ मध्ये पुस्तक आलं. ज्याला कधी पाहिलं नाही त्याचं आयुष्य लिहायचं, म्हणजे ज्यांनी पाहिलं त्यांच्या मागे लागणं आलं. ती माणसं तेव्हा हयात होती. पहिली पत्नी हॅडली तर १९७९ पर्यंत होती. आज त्यांना काही विचारायची सोय नाही.

बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयातले कागद मोलाचे आहेतच, पण तिथे मुख्यतः हेमिंग्वे बोलतो. आणि स्वतःबद्दल बोलताना हा गृहस्थ तिखटमीठ लावायचा. ८ जुलै १९१८ ला इटलीत पियावे नदीकाठी फोसाल्ताजवळ तो जखमी झाला, हे खरं. वय १८, रेडक्रॉसचा स्वयंसेवक, खंदकातल्या सैनिकांना चॉकलेट-सिगारेटी वाटायला गेलेला. घरच्या पत्रात त्याने जखमांचा आकडा २२७ लिहिला. अमेरिकेत परतल्यावर मात्र आपण इटालियन पायदळातून लढलो, असंही तो सांगू लागला. अशा माणसाचं चरित्र लिहायचं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष काढावीच लागते.

अशा कागदांत काय सापडतं, ते मी इथेच पाहिलंय. एका मराठी कादंबरीकारावर वीस वर्षं काम केलेले आमचे एक प्राध्यापक वारले. त्यांची कार्डं बुटांच्या दोन खोक्यांतून आमच्या ग्रंथालयात आली. (बाकीची तीन पोती घरच्यांनी आधीच रद्दीत घातली होती. किलोला काय भाव मिळाला तेही त्यांनी मला सांगितलं.) एका कार्डावर लेखकाच्या भाच्याने सांगितलेला किस्सा शाईने लिहिलेला, आणि खाली पेन्सिलीने : ‘खोटं वाटतं. बहिणीला विचारणे.’ पुढच्या कार्डावर बहिणीचं उत्तर : ‘तो तेव्हा जन्मलाच नव्हता.’ छापील पुस्तकात तो किस्सा नाही. का नाही, हे फक्त त्या पेन्सिलीच्या ओळीमुळे कळतं.

तेव्हा असे कागद वाचताना आलेलं उत्तर पाहायचं, आणि मूळ प्रश्न काय होता तेही शोधायचं. ‘तो उदार होता ना?’ असं विचारल्यावर लोक ‘हो’च म्हणतात.

आता मिळण्याचं. प्रिन्स्टनची सूची इंटरनेटवर फुकट पाहता येते. त्यात बॉक्स आणि फोल्डरचे नंबर असतात. आधी ती चाळा, नंबर टिपून घ्या, मगच विशेष संग्रह विभागाला ईमेल करा. ‘हेमिंग्वेवरचं सगळं पाठवा’ असं लिहिलंत तर कुठलाही ग्रंथपाल सभ्य भाषेत टोलवेल. मीही ३१ वर्षं तेच केलं. ‘अमुक बॉक्स, तमुक फोल्डर, या व्यक्तीची पत्रं’ असं लिहिलंत तर तो उठून कपाटाकडे जातो. प्रतींचा खर्च आधीच विचारा. कुणी नातेवाईक तिकडे असेल आणि स्वतः जाणार असेल, तर त्याला सांगून ठेवा की अशा वाचनकक्षांत पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी, आणि पिशवी बाहेर ठेवावी लागते.

मिळालेलं पत्र तुमच्या लेखात अख्खंच्या अख्खं छापू मात्र नका. कागद ग्रंथालयाचा असला तरी मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. ज्याला पत्र आलं त्याचाही नव्हे. खुद्द हेमिंग्वेने १९५८ मध्ये लिहून ठेवलं होतं की आपली पत्रं छापू नयेत. मेरीने पुढे परवानगी दिली आणि बेकरनीच १९८१ मध्ये जवळजवळ ६०० पत्रांची निवड काढली. नवऱ्याचा शब्द मोडला म्हणून तिला नावं ठेवणारे आहेत. मी त्यांच्यात नाही. ते पुस्तक मिळवा, प्रिन्स्टनला ईमेल करण्याआधी.

प्रश्न : वडिलांनी आयुष्यभर जमवलेल्या संशोधनाच्या चार फायली आहेत. विषयवार लावून, लॅमिनेशन करून ठेवू का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही करू नका. लॅमिनेशन कागदावरून पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको. तुमच्याकडच्या दमट हवेत टाचण्या गंजून कागद खातात, त्या हलक्या हाताने काढा, रबरबँड काढा. पण कागदांचा क्रम वडिलांनी ठेवलाय तोच राहू द्या, तुम्हाला कितीही गबाळा वाटला तरी. मधे बसचं तिकीट सापडलं तर तेही तिथेच ठेवा, त्यावर तारीख असते.