तुम्ही स्वतःला लिबर्टेरियन म्हणवता, मग न पटणाऱ्या चालीरीती कशा खपवून घेता?

खपवून घेतो, पण सगळ्या नाही.

आम्ही मूळचे निफाडचे. वडिलांच्या शर्टाला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा. सरकारने कांद्याच्या भावात हात घालू नये, हे बाळकडू तिथलं. लिबर्टेरियन, म्हणजे माणसाच्या आयुष्यात सरकारने कमीत कमी हात घालावा असं मानणारा, हा शब्द पुढे कॉलेजात कळला. मुंबईत नोकरी लागली तेव्हा घाटकोपरला खोली बघायला गेलो. मालकीणबाईंनी ताक दिलं, गावची चौकशी केली आणि म्हणाल्या, "माणसं तुम्ही चांगली, पण माझ्या ओट्यावर मटण नाही शिजणार." बरोबरचा मित्र भडकला. मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. घर त्यांचं, ओटा त्यांचा. ताक संपवून निघालो.

बारा वर्षांनी स्वतःचा फ्लॅट झाला. तो एका बंगाली जोडप्याला भाड्याने द्यायचं ठरवलं, तर सेक्रेटरी म्हणाले, कमिटीचा ठराव आहे, फक्त शाकाहारी. इथे मात्र भांडलो. फ्लॅट घेताना अशी अट कुठेच नव्हती. मागाहून चार जणांनी हात वर केले म्हणून माझा ओटा त्यांचा होत नाही. तीन मीटिंगा गाजल्या, मग जोडपं राहायला आलं. सेक्रेटरी अजून लिफ्टमध्ये बोलत नाहीत. तो त्यांचा हक्क!

माझी खरी अडचण वेगळी आहे. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीत सभासदत्व फक्त पारशांना, असा पोटनियम होता. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये तो ग्राह्य धरला. सभासद होतानाच माणूस तो नियम पत्करतो. माझ्या तत्त्वात हा निकाल चोख बसतो. पण वस्तीतल्या दहाच्या दहा सोसायट्यांनी असंच काही लिहून ठेवलं, तर मासळी खाणाऱ्याने राहायचं कुठे? 'बाजार बघून घेईल' म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी एकदा तिथे खोली शोधून बघावी. माझ्याकडे याचं धड उत्तर नाही.

बाकी कुणी निर्जळी उपास करो, डोक्यावर पदर घेवो, पोरांची लग्नं जातीतच बघो. मला पटत नाही, विचारलं तर तसं सांगतो आणि जेवायलाही जातो. जातपंचायतीने वाळीत टाकण्याबद्दल मात्र माझं मत बदललं. गिऱ्हाईक नाकारणं हा दुकानदाराचा हक्क, असा वाद मीही एकेकाळी घालायचो. पण वाळीत टाकतात तेव्हा ज्याला किराणा द्यायचाय त्या दुकानदारालाही पंच दंडाची धमकी देतात. म्हणजे आमच्या कमिटीचीच गोष्ट, फक्त लाठीसकट. महाराष्ट्राने 2016 मध्ये याविरुद्ध कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एरवी नवा कायदा म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. त्या वेळी नाही पडली.