‘अपक्ष’, ‘उपरा’ की ‘पक्षाबाहेरचा’?

फिनलंडच्या २००३ च्या संसदीय निवडणुकीत हेलसिंकीतून निवडून आलेले मुष्टियोद्धे व कुस्तीगीर टोनी हाल्मे ज्या पक्षाच्या यादीतून उभे होते त्याचे सदस्य नव्हते, मग त्यांना ‘अपक्ष’ म्हणावे की ‘उपरे’, अशी पृच्छा आहे. माझ्या मते दोन्ही शब्द चुकीचे ठरतील.

आपल्याकडे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीविना लढणाऱ्याला अपक्ष म्हणतात. हाल्मे पक्षाचे सदस्य नसले, तरी पेरुससुओमालाइसेत या पक्षाच्या यादीतूनच उभे होते. अशा उमेदवाराला फिनिशमध्ये ‘सितोउतुमातोन’, म्हणजे ‘न बांधलेला’, म्हणतात. आपला ‘पुरस्कृत अपक्ष’ येथे जवळचा वाटेल, पण त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे: तो स्वतःच्या चिन्हावर लढतो आणि पक्ष बाहेरून पाठिंबा देतो. फिनलंडमध्ये खऱ्या अर्थाने अपक्ष लढायचे, तर मतदारसंघातील किमान १०० मतदारांनी एकत्र येऊन उमेदवार सुचवावा लागतो.

हा भेद महत्त्वाचा का, हे मतपत्रिका पाहिली की कळते. तीवर नावे किंवा चिन्हे नसतात. घडीच्या कागदावर एक वर्तुळ छापलेले असते आणि त्यात मतदाराने आपल्या उमेदवाराचा क्रमांक लिहायचा असतो. ते मत आधी त्या उमेदवाराच्या यादीच्या खात्यात जमा होते, यादीच्या एकूण मतांवरून तिच्या वाट्याच्या जागा ठरतात आणि मग यादीतल्या कोणी आत जायचे ते वैयक्तिक मतांवरून ठरते. म्हणजे हाल्मे यांना मिळालेली १६,३९० मते त्यांची होती, तशीच पक्षाचीही होती.

‘उपरा’ हा शब्द निवडणुकीच्या मराठीत दुसऱ्या गावाहून आणून उभ्या केलेल्या उमेदवाराला लावतात. हाल्मे यांचा जन्मच हेलसिंकीचा, त्यामुळे तो येथे गैरलागू आहे. ‘आयात उमेदवार’ म्हटले, तर ते दुसऱ्या पक्षातून आले असा समज होईल. मी ‘पक्षाबाहेरचा वलयांकित उमेदवार’ असे लिहीन. अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूएफ या व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात १९९३ मध्ये ‘लुडविग बोर्गा’ या नावाने उतरलेल्या हाल्मे यांना ‘वलयांकित’ शोभतो. ऑलिंपिक धावपटू लासे विरेन १९९९ मध्ये कोकोओमुस पक्षाकडून संसदेत गेले, त्यांनाही तो चालेल. त्यांच्यामागे ‘वादग्रस्त’ मात्र लावण्याचे कारण नाही.

हाल्मे यांच्याबाबतही ‘वादग्रस्त’ मी टाळतो. आपल्या वृत्तपत्रांनी तो इतका झिजवला आहे की त्यातून कृतीचा बोधच होत नाही. निवडून आल्यावर त्यांनी राष्ट्राध्यक्ष तार्या हालोनेन यांच्या लैंगिकतेविषयी रेडिओवर अनुदार उद्गार काढले, असे सरळ लिहिले की वाचक काय ते ठरवतो.

आता राहिला ‘ॲनिहारावा’ हा फिनिश शब्द. गठ्ठ्याने मते मिळवणाऱ्या उमेदवाराला फिनिश लोक असे म्हणतात. ‘ॲनि’ म्हणजे आवाज आणि मतही, ‘हारावा’ म्हणजे शेतातले दंताळे. मराठीत ‘मतांचे दंताळे’ असे शब्दशः भाषांतर करू नये; ‘मते खेचणारा उमेदवार’ हा आपला रुळलेला प्रयोग पुरेसा आहे. मात्र त्याला जोडून ‘सोबत इतरांनाही निवडून आणणारा’ असे हाल्मे यांच्याविषयी लिहिता येणार नाही, कारण इतकी मते खेचूनही हेलसिंकीत त्या यादीला एकच जागा मिळाली. पक्षाचे उरलेले दोन खासदार, तिमो सोइनी आणि राइमो विस्तबाका, दुसऱ्या मतदारसंघांतून आले होते.