मुलाला ब्रिटनमध्ये एमपी व्हायचंय, घरात रोज वाद, काय करू?

प्रश्न: आम्ही मूळचे सांगलीचे, पंधरा वर्षं झाली रेडिंगला राहतोय. मुलगा १७ वर्षांचा, ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, मॅथ्स, केमिस्ट्री आणि हिस्टरी आहे. कॉम्प्युटर सायन्सला जायचं ठरलेलं, पण आता म्हणतो मला डेव्हिड डेव्हिससारखं कॉन्झर्व्हेटिव्ह एमपी व्हायचंय, सायन्स सोडून पॉलिटिक्सला अ‍ॅप्लाय करतो. त्याच्या बाबांनी तर त्याच्याशी बोलणंच बंद केलंय. मी काय करू? (एक आई)

ताई, सगळ्यात आधी बाबांना म्हणावं की पोराशी बोलायला लागा. पोराने काही वाईट मागितलेलं नाही, आणि ज्या माणसाचं नाव तो घेतोय त्याचंच आयुष्य नीट वाचलं तर तुमच्या घरातला अर्धा वाद मिटेल, कारण डेव्हिस पॉलिटिक्स शिकून एमपी झालेलेच नाहीत.

१९४८ चा जन्म, आई सिंगल मदर, लंडनला टूटिंगमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या स्वस्त भाड्याच्या घरात वाढले. ए-लेव्हलला मार्क कमी पडले म्हणून इन्शुरन्स ऑफिसात क्लार्कची नोकरी धरली, परत परीक्षा द्यायला पैसे हवेत म्हणून टेरिटोरियल आर्मीच्या एसएएस या कमांडो तुकडीत पार्टटाइम सैनिक झाले, मग कुठे वॉरिक युनिव्हर्सिटीला अ‍ॅडमिशन, आणि विषय काय तर मॉलिक्युलर सायन्स आणि कॉम्प्युटर सायन्स! पुढे लंडन बिझनेस स्कूल, आणि १९७४ ला टेट अँड लाइल या साखर कंपनीत. तुम्ही सांगलीच्या, साखर आणि राजकारण हे नातं तुम्हाला मी काय सांगणार, पण इथे मामला वेगळा, हा पगारी मॅनेजर होता, कंपनीचा कॅनडातला अडचणीत आलेला धंदा सावरायला गेलेला. १९८७ ला निवडून आले तेव्हा वय ३८, आणि तेव्हापासून, २००८ चे काही आठवडे सोडले तर, आजपर्यंत एमपी आहेत.

आता कुणी म्हणेल कॅमेरन, ट्रस, सुनक हे कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान तिघंही ऑक्सफर्डचे पीपीईवाले, म्हणजे फिलॉसॉफी पॉलिटिक्स इकॉनॉमिक्स. खरंय. पण थॅचरबाई त्याच ऑक्सफर्डच्या केमिस्ट्रीवाल्या, आणि नोकरीही त्यांनी आधी केमिस्ट म्हणूनच केली. त्यामुळे माझं स्पष्ट मत, मॅथ्स आणि केमिस्ट्री सोडू देऊ नका, आणि कॉम्प्युटर सायन्सला गेला तर त्याच्या स्वप्नाचं काही बिघडत नाही, उलट सरकार लोकांचे फोन आणि ईमेलचे रेकॉर्ड कसे साठवतं हा डेव्हिस यांचा जिव्हाळ्याचा विषय आहे, २०१४ ला ते विरोधी लेबर पक्षाच्या टॉम वॉटसनना सोबत घेऊन आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध याच मुद्द्यावर कोर्टात गेले होते.

मुलाला मात्र एक गोष्ट नक्की वाचायला लावा, २००८ ची. तेव्हा डेव्हिस शॅडो होम सेक्रेटरी होते, म्हणजे पक्षाची सत्ता आली असती तर बहुतेक गृहमंत्रीच. लेबर सरकारने टेररिझमच्या संशयितांना आरोप न ठेवता ४२ दिवस कोठडीत ठेवायचा कायदा आणला, ११ जूनला तो कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, ३१५ विरुद्ध ३०६ ने पास झाला, आणि दुसऱ्याच दिवशी यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि याच मुद्द्यावर पोटनिवडणूक लढवली. लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट दोघांनीही उमेदवार दिला नाही, हे जिंकले, पण पक्षातली ती जागा गेली ती गेलीच. २०१० ला पक्ष सत्तेत आला, गृहमंत्री थेरेसा मे झाल्या, आणि डेव्हिस २०१६ पर्यंत मागच्या बाकावर, मंत्रिपदाशिवाय. तो ४२ दिवसांचा प्रस्ताव मात्र त्याच वर्षी म्हणजे २००८ च्या ऑक्टोबरात लॉर्ड्सने, म्हणजे वरच्या सभागृहाने, फेटाळला आणि सरकारने सोडून दिला. मला हा माणूस आवडतो तो यासाठी. त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही, फाशीची शिक्षा काही खुनांसाठी परत आणावी असं ते म्हणाले होते ते मला अजिबात पटत नाही, आणि १९९३ ला युरोपबद्दल मनात शंका असूनही व्हिप म्हणून, म्हणजे पक्षाच्या मेंबरांची मतं जमवणारा म्हणून, युरोपियन युनियन स्थापन करणारा मास्ट्रिख्ट करार पास करून घ्यायला यांनीच मेंबरांना दामटलं होतं. २०१६ ला ब्रेक्झिट मंत्री झाले आणि २०१८ ला तेव्हाच्या पंतप्रधान मे यांचा ब्रेक्झिटनंतर युरोपशी संबंध कसे ठेवायचे याचा चेकर्स प्लॅन पटला नाही म्हणून तेही पद सोडलं. मुलाला विचारा, तुला यातलं काय पटतं आणि काय नाही? सगळंच पटतं म्हणाला तर अजून वाचायला सांगा.

आणि हो, भाषण. २००५ ला पक्षाचा नेता निवडायच्या निवडणुकीत डेव्हिस पुढे होते, पण ब्लॅकपूलच्या पक्ष अधिवेशनात यांचं भाषण पडलं, कॅमेरनने कागद न घेता बोलून मैदान मारलं. डिबेट क्लब आत्तापासून हवाच.

आपल्यासारख्यांना तो पक्ष घेईल का असंही तुमच्या मनात असेलच, तर मुंबईत जन्मलेले सर मंचरजी भावनगरी १८९५ ला लंडनच्या बेथनल ग्रीनमधून कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणूनच निवडून आले होते आणि १९०६ पर्यंत होते.

पैशाचं बाबांना सांगा, एमपीचा पगार एप्रिल २०२५ ला वर्षाला ९३,९०४ पौंड झाला, वाईट नाही, पण पुढची निवडणूक हरला की संपलं, म्हणून हातात दुसरं काम पाहिजेच. उभं राहायला १८ पूर्ण लागतं, ५०० पौंड डिपॉझिट आणि मतदारसंघातल्या १० मतदारांच्या सह्या. खरी अडचण त्याच्या आधी असते, पक्षाची मुलाखत देऊन मंजूर उमेदवारांच्या यादीत यायचं आणि मग लोकल असोसिएशनने, म्हणजे पक्षाच्या मतदारसंघातल्या शाखेने, निवडायचं. त्यामुळे सुरुवात गल्लीतून. पत्रकं वाटायची, दारं ठोठवायची, कौन्सिलर काय करतो बघायचं. तिथले एमपी लोकांच्या अडचणी ऐकायला बसतात त्याला सर्जरी म्हणतात, तुमच्या एमपीच्या ऑफिसला ईमेल करून दोन आठवडे काम बघायला मिळतं का हे त्यानेच विचारू दे, तुम्ही नाही. घरभाडं, व्हिसा, बेनिफिट अडकलेली माणसं दिवसभर ऐकल्यावरही त्याला हेच करायचं असेल तर मला त्याने स्वतः लिहावं, मराठीत नाही जमलं तर इंग्लिशमध्ये चालेल, मी उत्तर देईन.