खिडक्या नसलेल्या विमानात बसाल का?

पुढच्या काळात विमानांना खिडक्याच नसतील हे खरं का, आणि असल्या बंद डब्यात जीव गुदमरणार नाही का, असं तुम्ही विचारलंय.

गुदमरण्याचं आधी मिटवतो. खिडकी आजही उघडत नाहीच, तिचा हवेशी संबंध नाही. केबिनमधला हवेचा दाब फार तर 8000 फूट उंचीवरच्या इतका उतरू देतात, म्हणजे तोरणमाळच्या साधारण दुप्पट उंची समजा. बोइंग 787 आणि एअरबस ए350 मध्ये तो 6000 फुटांच्या आसपासचा असतो, म्हणून लांबच्या प्रवासात अंग कमी आंबतं.

खिडक्या नकोशा होतात त्या वजनामुळे. प्रत्येक भोकाभोवती भिंत भक्कम करावी लागते. शिवाय पंख आणि धड एकजीव असलेल्या ज्या रुंद विमानांचं काम चाललंय, त्यांत बहुतेक खुर्च्या भिंतीपासून लांबच पडणार.

आमचे अमळनेरचे मामा जळगावहून पहिल्यांदा विमानात बसले, एटीआर 72 मध्ये. त्याचे पंख वर असतात, त्यामुळे मधल्या ओळींतून खालचं चाक दिसतं. उडाल्यावर खालून घरघर झाली, मग धप्प आवाज. मामांनी माझं मनगट धरलं. तेवढ्यात त्यांना चाक पोटात दुमडताना दिसलं. ‘‘मझार गयं (आत गेलं) ते चाक!’’ म्हणाले आणि हात सोडला. मोठमोठ्या विमानांत असे आवाज येतात तेव्हा कुणी काही सांगत नाही, याचा मला रागच येतो. खिडकी काढणार असाल तर निदान आवाज कसला ते तरी सांगा.

दुसरी अडचण कानाची. आतला कान सांगतो आपण वळतोय, डोळ्यांना मात्र समोरची खुर्ची जागच्या जागी दिसते; मळमळ तिथून सुरू होते. कन्नड घाटात एसटी वळायला लागली की उलटीवाल्याला खिडकीशी बसवतात. वाऱ्याचं श्रेय आपण देतो, पण खरं काम बाहेरच्या डोंगरावर लागलेली नजर करते. विमानात पडद्यावर बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवता येतं. एमिरेट्सने 2017 मध्ये 777 च्या फर्स्ट क्लासमधल्या मधल्या खोल्यांना अशा आभासी खिडक्या दिल्याही. मात्र विमान वळलं आणि चित्र जरा मागे राहिलं, तर पडदा नसलेला बरा. त्या रुंद विमानात कडेला बसणाऱ्यांचे हाल वेगळेच: विमान वळताना कललं की ते पाळण्यासारखे वर-खाली जाणार.

मी बसेन. जागा मात्र मधोमध घेईन, आणि दारांना खरी काच हवी. नियमानुसार निम्मीच दारं वापरून 90 सेकंदांत विमान रिकामं होईल हे दाखवावं लागतं. दार उघडण्याआधी बाहेर आग आहे का ते कर्मचाऱ्याला बघावं लागतं, आणि त्या वेळी वीज गेलेली असेल तर पडदा काय दाखवणार?