वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारीचे मंद दिवे

प्रश्न : माझ्या जुन्या पद्मिनीचे दिवे रात्री चोर्ला घाटात फारच मंद वाटतात. एलईडी बल्ब बसवावेत काय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बसवू नयेत, हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात त्यांचा झोत बहुधा विस्कटतो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. आधी इंजिन व दिवे चालू ठेवून बल्बच्या टोकांवरील व्होल्टेज मोजावे, कारण जुन्या वायरी, स्विच आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत गंजलेले अर्थिंगचे (मोटारीच्या सांगाड्याला जोडलेल्या वायरीचे) सांधे यांत १० टक्के व्होल्टेज गळाले, तरी प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. सांधे घासून, बॅटरीपासून फ्यूज व रिलेसह (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) जाड वायर ओढावी. मगच ६०/५५ वॅटचे एच४ (लांबचा व जवळचा असे दोन्ही झोत देणारे हॅलोजन) बल्ब लावावेत. मोटार भिंतीपासून १० मीटरवर उभी केल्यास डिपरच्या (जवळच्या) झोताची वरची कड भिंतीवर दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली असावी.